ऑपरेटर मित्राच्या आठवणीचं फोटोपुस्तक: बायकांच्या छोट्या गटासाठी कामाची माहिती

गावच्या टॉकीजमध्ये नाहीतर जत्रेतल्या तंबूत ज्याने आयुष्यभर सिनेमा दाखवला, त्याचे स्वतःचे फोटो फार थोडे असतात. गर्दी पडद्याकडे तोंड करून बसलेली आणि हा तिच्या पाठीमागे, भिंतीतल्या झरोक्याआड. त्याच्या माघारी पुस्तक काढायचं ठरवलं की हातात येतात ते लग्नातले दोन-तीन फोटो, एखादा सत्काराचा आणि एक ओळखपत्रावरचा. एवढ्यावर पुस्तक होत नाही असं वाटून बरेच गट इथेच थांबतात.

थांबायचं कारण नाही. पुस्तक त्याच्या चेहऱ्यावर नव्हे, त्याच्या कामावर उभं करायचं. केबिन, मशीन, रिळं, फिल्मचे जोड, रजिस्टर, पेट्या, तंबूचे दोर, त्याच्यासोबत राबलेली माणसं या सगळ्याचे फोटो आजही काढता येतात, आणि त्यातून तो जितका नेमका दिसतो तितका हार घातलेल्या फोटोतून कधीच दिसत नाही. पुढची माहिती चार ते आठ जणींच्या गटासाठी आहे. ९६ पानं आणि ३०० प्रती धरून हिशेब मांडला आहे. तुमचा आकडा वेगळा असेल तर त्या प्रमाणात बदला.

विचारायचं काय

कॅमेरा बाहेर काढण्याआधी बोलून घ्या. त्याची बायको, बहीण, मदतनीस, डोअरकीपर, तंबूमालक, पेट्या पोचवणारा. ‘तो कसा होता हो?’ असं विचारलं की ‘फार चांगला माणूस’ एवढंच उत्तर येतं, त्याचं पुस्तकात काही करता येत नाही. त्याऐवजी कामाचे प्रश्न घ्या. रीळ तुटलं की तो आधी काय करायचा? मशीन एक होतं की दोन? दोन मशीनं असतील तर एकावरून दुसऱ्यावर जायच्या बदलाची खूण ओळखायला कसा शिकला? मशीनच्या उजेडासाठी जळणाऱ्या कार्बनच्या कांड्यांचे उरलेले तुकडे कुठे ठेवायचा? शेवटचा खेळ संपल्यावर घरी किती वाजता यायचा, आणि तोवर कोण जागं असायचं? हा शेवटचा प्रश्न वहिनींना जरूर विचारा. ऑपरेटरच्या घरच्या बायकांकडे कामाचं जे वेळापत्रक असतं ते टॉकीजच्या रजिस्टरमध्येही सापडत नाही: सणाच्या दिवशीचे जादा खेळ, डब्याची वेळ, कार्बनच्या काजळीने काळे झालेले शर्ट.

तंबूत बायकांची बसायची बाजू वेगळी असे, मध्ये दोर किंवा कनात. त्या बाजूला बसलेल्या बायका आज साठी-सत्तरीत आहेत. पडदा तिथून कसा दिसायचा, आवाज तुटला की कोण काय ओरडायचं, हे त्या सांगतील. तुमच्या गटाला हे दार सहज उघडतं, त्याचा पुरेपूर उपयोग करा.

प्रत्येक मुलाखत फोनवर रेकॉर्ड करा, सुरुवातीला तारीख, गाव आणि बोलणाऱ्याचं नाव मोठ्याने म्हणा. पंखा बंद ठेवा.

केबिनचे फोटो

केबिनमध्ये सहसा एक ट्यूब आणि एक बल्ब असतो. दोन्ही एकदम लावले तर अर्धा फोटो हिरवट, अर्धा पिवळा येतो आणि नंतर तो दुरुस्त होत नाही. एकच दिवा ठेवा. फ्लॅश नको; झरोक्याच्या काचेवर आणि मशीनच्या निकेलवर त्याचा पांढरा डाग पडतो आणि खोलीचा खोलपणा निघून जातो. ट्रायपॉड लावा, आयएसओ १०० ते ४००, गरज पडेल तेवढा १ ते ४ सेकंद शटर उघडा ठेवा. अंधाऱ्या बाजूला एखादीने पांढरी चादर धरली तरी सावलीत पुरेसा उजेड जातो.

काय काय टिपायचं: लॅम्पहाउस (मशीनची दिव्याची पेटी) आणि आतला आरसा, फिल्मचा पूर्ण मार्ग, वरच्या स्पूलपासून खालच्या स्पूलपर्यंत, गेट (फिल्म उजेडासमोरून जाते ती खिडकी), साउंड हेड (आवाजाची पट्टी वाचणारा भाग), रिवाइंडर (रीळ परत गुंडाळायचं साधन) आणि त्याचा घासून गुळगुळीत झालेला दांडा, जोड मारायचं टेबल, रेक्टिफायर (दिव्याला डीसी वीज देणारं यंत्र), भिंतीवर लिहिलेले आकडे. झरोके सहसा प्रत्येक मशीनला दोन असतात, एक भिंगासाठी आणि एक ऑपरेटरला पडदा बघण्यासाठी. दुसऱ्या झरोक्याशी डोळा नेऊन तिथून दिसेल तसा पडद्याचा फोटो घ्या. मित्राने जन्मभर जे पाहिलं ते हेच.

मशीन चालू स्थितीत असेल आणि पडद्यावरचं चित्र टिपायचं असेल तर शटर संथ हवं. ३५ मिमी फिल्म सेकंदाला २४ फ्रेम चालते आणि मशीनचं पातं प्रत्येक फ्रेमला सहसा दोनदा उजेड अडवतं. १/२५० सेकंदावर काढलेल्या फोटोत पडदा अर्धवट काळा नाहीतर पूर्ण काळा येतो. १/१२ किंवा १/६ ठेवा. कार्बनचं मशीन असेल तर ज्योतीकडे काळ्या काचेशिवाय कोणीही बघायचं नाही. त्यातले अतिनील किरण डोळे भाजतात.

फोटोखाली काय लिहायचं ते तिथेच, जाणत्या माणसासमोर लिहून घ्या. घरी येऊन लिहिलेल्या ओळींमध्ये ‘मशीनचा भाग’ असलं काहीतरी राहून जातं, आणि पुस्तक दुसऱ्या ऑपरेटरच्या हातात पडलं की त्याला ते पहिल्यांदा खुपतं.

जुने फोटो

कागदावरचा फोटो ६०० पीपीआयवर (इंचाला ६०० पिक्सेल) स्कॅन करा, टिफ फाइल (जेपेगसारखे बारकावे न गमावणारी), जमलं तर १६ बिट. फोटो पोस्टकार्डापेक्षा लहान असेल तर १२०० वर. ३५ मिमी निगेटिव्हला ३२०० लागतात. त्यातून साधारण ४५०० × ३००० पिक्सेल मिळतात, म्हणजे ३०० पीपीआयने १५ इंच रुंदीपर्यंत छापता येतं. धूळ आपोआप पुसणारी सोय कृष्णधवल निगेटिव्हवर चालत नाही, कारण ती इन्फ्रारेड उजेडावर चालते आणि चांदीचे कण तो उजेड अडवतात. तिथे धूळ हातानेच काढावी लागते.

चिकट पानांच्या अल्बममधून फोटो ओढू नका. पानासकट स्कॅन करा. काचेला चिकटलेला फोटो तर मुळीच सोडवू नका, काचेवरून फोटो काढा: दोन दिवे दोन बाजूंना ४५ अंशात, कॅमेरा बरोबर समोर. दाणेदार रेशमी कागदावरचे स्टुडिओतले जुने फोटोही स्कॅनरपेक्षा असेच बरे येतात.

नातेवाइकांना सांगा की व्हॉट्सअॅपवर फोटो ‘फोटो’ म्हणून नको, ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. साधा पाठवला की लांब बाजू बहुधा १६०० पिक्सेलवर येते आणि तो ५ इंचांपेक्षा मोठा नीट छापता येत नाही. तोच फोटो १२ मेगापिक्सेलच्या फोनमधून मूळ फाइल म्हणून आला तर १३ इंच जातो.

फिल्मचे तुकडे

बहुतेक ऑपरेटरांकडे एखाद्या डब्यात फिल्मचे तुकडे असतात. जोड मारताना कापलेल्या फ्रेम, सुरुवातीच्या आकड्यांची पट्टी, क्वचित एखाद्या गाण्यातला हात-दीड हाताचा तुकडा. पुस्तकाचा जीव इथे आहे. १ फुटात १६ फ्रेम आणि सेकंदाला २४, म्हणजे दीड फूट तुकडा हा पडद्यावरचा एक सेकंद.

आधी सुरक्षितता. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत नायट्रेट फिल्म वापरात होती आणि ती भयंकर पेट घेते. फिल्मच्या कडेवर इंग्रजीत ‘सेफ्टी’ असं छापलेलं असेल तर बहुतेक काळजी मिटते. तसं नसेल, तुकडा फार जुना असेल, पिवळसर किंवा चिकट झाला असेल तर तो स्कॅनरवर ठेवू नका, उन्हात किंवा स्वयंपाकघराजवळ ठेवू नका, आणि ‘जळतं का बघू’ म्हणून काडी तर कधीच लावू नका. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला विचारा. १९६४ साली सुरू झालेली ही संस्था आता एनएफडीसीत (राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात) विलीन झाली आहे. जुनी फिल्म कशी हाताळायची हे तिथल्या लोकांचं रोजचं काम.

डबा उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ती अ‍ॅसिटेट (‘सेफ्टी’ प्रकारातली) फिल्म सडायला लागली आहे. तो वास म्हणजे बाहेर पडणारं अ‍ॅसिटिक आम्ल, आणि ते शेजारच्या चांगल्या तुकड्यांनाही लवकर नासवतं. आंबट वासाचे तुकडे वेगळे करा, हवा खेळेल अशा कागदी पाकिटात ठेवा, आधी त्यांचं स्कॅनिंग उरका.

तुकडा कडेने धरा, हातात सुती किंवा नायट्राइल मोजे. फक्त फ्रेम स्कॅन करू नका; दोन्ही बाजूंची भोकं, आवाजाची पट्टी, कडेवरची अक्षरं, जोडाचा डाग, ओरखडे असं सगळं घ्या. ऑपरेटरचा हात त्या जोडात आहे. जोड जुना असेल तर एका बाजूचा थर खरवडून सिमेंटने (फिल्म जोडायच्या द्रावणाने) चिकटवलेला दिसतो. पॉलिएस्टर फिल्मवर सिमेंट चालत नाही, तिथे पारदर्शक पट्टी असते. फोटोखाली ‘सिमेंटचा जोड’ किंवा ‘पट्टीचा जोड’ असं स्पष्ट लिहा.

या तुकड्यांबाबत चार चुका नेहमी होतात.

फ्रेम उलटी छापली जाते, डाव्याचं उजवं. अक्षरं असतील तर लगेच कळतं. नसतील तर साडीचा पदर बघा; नऊवारी किंवा नेहमीची पाचवारी असेल तर तो डाव्या खांद्यावर हवा. गुजराती पद्धतीची साडी असेल तर ही खूण चालत नाही, मग फिल्मच्या कडेवरचे आकडे-अक्षरं वाचून बघा.

सिनेमास्कोपची, म्हणजे रुंद पडद्याच्या सिनेमाची, फ्रेम फिल्मवर दाबलेली असते, माणसं उंच नि काटकुळी दिसतात. भिंग ती पडद्यावर दुप्पट रुंद करतं. पुस्तकात ती दाबलेलीच ठेवायची की रुंदी २०० टक्के करायची हे ठरवा. तुकडा वस्तू म्हणून दाखवत असाल तर दाबलेलीच ठेवा आणि खाली तसं लिहा.

जुन्या रंगीत प्रिंटा गुलाबी पडतात, कारण त्यातला निळसर रंग सगळ्यांत आधी उडतो. तो गुलाबी रंग ‘सुधारून’ खोटा निळा-हिरवा आणू नका. मित्राने शेवटची काही वर्षं तीच गुलाबी प्रिंट दाखवलेली असते.

आणि चौथी: फ्रेमशेजारच्या पट्टीत जो आवाज दिसतो तो त्या फ्रेमचा नसतो. आवाज चित्राच्या साधारण २० फ्रेम पुढे छापलेला असतो, कारण साउंड हेड गेटच्या खाली आहे. ‘या क्षणाचा आवाज’ असं काव्य फोटोखाली लिहू नका, ते चुकीचं ठरतं.

रिळाच्या शेवटाकडचा तुकडा मिळाला तर उजव्या वरच्या कोपऱ्यात गोल ठिपका शोधा. पहिला ठिपका रीळ संपायच्या साधारण ८ सेकंद आधी, दुसरं मशीन चालू करण्यासाठी; दुसरा शेवटच्या सेकंदाला, उजेड बदलण्यासाठी. प्रेक्षकांना हा ठिपका सहसा दिसत नाही, ऑपरेटर त्याचीच वाट बघत उभा असतो. मिळाला तर त्याला अख्खं पान द्या.

परवानग्या

पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचे, उदाहरणार्थ लग्नातल्या, पहिले हक्क वेगळा करार नसेल तर काढून घेणाऱ्याचे. स्वतःहून काढलेल्याचे काढणाऱ्याचे. सिनेमाचे हक्क निर्मात्याचे, आणि ते प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतात. त्याहून नव्या सिनेमाच्या फ्रेम छापायच्या तर निर्मात्याचं पत्र घ्या. पोस्टरचंही तसंच. ज्या जिवंत व्यक्तींचे चेहरे स्पष्ट दिसतात त्यांच्याकडून, खास करून तंबूत बसलेल्या बायकांकडून, एक साधं मराठी संमतिपत्र सही करून घ्या, आणि फोटो दाखवूनच घ्या.

क्रम लावणं

सगळे फोटो ४ × ६ इंचांत स्वस्तात प्रिंट करून जमिनीवर मांडा. संगणकाच्या पडद्यावर क्रम लागत नाही, कारण एका वेळी सगळ्या जणी बघू शकत नाहीत. दीडशेपासून सुरुवात करा, ६०-७० वर या. ९६ पानांत याहून जास्त कोंबले की प्रत्येक फोटो लहान होतो.

चरित्राचा क्रम (जन्म, शाळा, लग्न, नोकरी) टाळा. एका खेळाचा क्रम घ्या: पेटी येते, रिळं तपासली जातात, जोड, मशीन पुसणं, फिल्म चढवणं, तिकीटखिडकी, अंधार, चित्र, मध्यंतर, शेवटचं रीळ, रिवाइंड, कुलूप. अडीच तासांचा सिनेमा हजार फुटांच्या साधारण १४ रिळांचा होतो; तुम्हालाही विभाग पाडायला हा आकडा वापरता येईल.

त्याचा चेहरा पहिल्या पानावर ठेवू नका. आधी त्याचे हात, मग पाठ, मग झरोक्यातून पडलेला उजेड, आणि मग कुठेतरी चाळिसाव्या पानाच्या पुढे तो. तोवर वाचणारा त्याचं काम ओळखू लागलेला असतो, म्हणून चेहरा लक्षात राहतो. नावामागे दर पानावर ‘कै.’ लावू नका. जन्म-मृत्यूच्या तारखा शेवटच्या पानावर एका ओळीत पुरतात. आणि मान्यवरांचे शुभसंदेश घेऊ नका. दोन पानं भरली नाहीत तरी हरकत नाही, ती रिकामी सोडा.

आकार, कागद, फर्मे

प्रेसमध्ये जाण्याआधी हे समजून घेतलं तर बरेच पैसे वाचतात. आपल्याकडे २३ × ३६ इंचांचा कागद सहज मिळतो. तो मधोमध कापला की १८ × २३ चे दोन. अशा एका तुकड्यावर दोन्ही बाजूंनी मिळून ९ × ११॥ (साडेअकरा) ची ८ पानं बसतात. कापून ८॥ × ११. असा छापून घडी घातलेला एक कागद म्हणजे एक फर्मा. म्हणजे ९६ पानांना ८ पानी १२ फर्मे.

पुस्तक आडवं करा, ११ रुंद आणि ८॥ उंच. पडद्याचा आकार आडवा हे कारण तर आहेच, पण मोठं कारण ग्रेनचं, म्हणजे कागदातल्या तंतूंच्या दिशेचं. २३ × ३६ च्या कागदात तंतू बहुधा ३६ इंचांच्या दिशेने धावतात. आडव्या पुस्तकात ती दिशा पाठीच्या कण्याला समांतर येते आणि पानं सुरेख उलटतात. उभं पुस्तक केलं तर ग्रेन आडवा पडतो. पानं ताठ उभी राहतात, पावसाळ्यात कण्याजवळ लाटा येतात. उभंच हवं असेल तर प्रेसला ‘शॉर्ट ग्रेन’ (तंतू आखूड बाजूने धावणारा) कागद मागा. तपासायला कागद दोन्ही दिशांनी दुमडून बघा. ग्रेनच्या दिशेने घडी सरळ पडते, आडवी घातली की कड खरखरीत होऊन तडकते.

कागद १३० जीएसएम (चौरस मीटरला १३० ग्रॅम) मॅट आर्ट पेपर, म्हणजे फार न चमकणारा कोटिंगचा कागद, घेतलात तर हिशेब असा: १२ फर्मे, प्रत्येकी ३०० आणि रंग जुळेपर्यंत वाया जाणारे सुमारे १००, म्हणजे ४८०० अर्धे किंवा २४०० पूर्ण कागद. ५०० चं एक रीम साधारण ३५ किलो भरतं, तुम्हाला ५ रिमा लागतील, सुमारे १७५ किलो. प्रेसचं कोटेशन या आकड्यापासून फार लांब असेल तर कारण विचारा.

चार रंगांत छापायचं तर १२ फर्मे × २ बाजू × ४ रंग = ९६ प्लेटा (छपाईचे पत्रे). हा खर्च १०० प्रतींनाही तेवढाच आणि १००० प्रतींनाही तेवढाच. म्हणून कोटेशन नेहमी तीन आकड्यांचं मागा: १००, ३००, ५००. शंभराच्या आसपासच हवं असेल तर डिजिटल छपाई स्वस्त पडते, पण तिथे कागद साधारण १३ × १९ इंचांपर्यंतच जातो. ११ इंच रुंद पानांची जोडी २२ इंच होते, ती त्यावर बसत नाही, मग सुट्या पानांना गोंद लावण्याखेरीज मार्ग राहत नाही. डिजिटल करायचं तर पान ८॥ रुंद × ८ उंच ठेवा. जोडी १७ इंचांत बसते आणि शिलाई करता येते.

दोन पानांवर पसरलेला फोटो फर्म्याच्या मधल्या जोडीवरच टाका: ४-५, १२-१३, २०-२१, २८-२९ असं पुढे. फक्त तिथेच डावं-उजवं पान एकाच कागदावर सलग असतं. इतरत्र दोन अर्धे कागदाच्या वेगळ्या भागांवर किंवा वेगळ्या कागदांवर छापले जातात आणि जुळताना एक-दोन मिलिमीटर सरकतात, रंगही किंचित फरक दाखवतो. चेहरा मात्र कधीही घडीवर आणू नका.

छपाईआधी त्याच कागदाची कोरी डमी बांधून घ्या. ९६ पानांची जाडी सहा मिलिमीटरच्या आसपास येते, पण कण्यावरचं नाव डमी मोजल्याशिवाय बसवायचं नाही.

काळोख छापणं

या पुस्तकातली निम्मी पानं अंधाराची असणार, आणि प्रेसमध्ये बिघडतात तीच. संगणकावर दिसणारे सावलीतले बारकावे कागदावर शाईत बुडतात. मॅट आर्ट पेपरवर एकूण शाई (चारही रंगांच्या टक्क्यांची बेरीज) ३०० टक्क्यांच्या आत ठेवा, मॅपलिथोसारख्या कोटिंग नसलेल्या कागदावर २६०-२८०. कोटिंग नसलेला कागद शाई पितो, शाईचा ठिपका पसरतो. त्यासाठी फाइलमध्ये सावल्या अंमळ उजळ करून द्या, आणि सुकल्यावर काळा रंग थोडा फिका पडणार हे धरून चला.

कृष्णधवल फोटो एकट्या काळ्या शाईत छापले तर राखेसारखे मवाळ दिसतात. काळा आणि एक करडा अशा दोन शाईंत छापा. प्लेटाही ४८ च लागतात. चार रंगांतून करडा तयार करायचा म्हटलं तर एक फर्मा हिरवट, दुसरा गुलाबी येण्याची भीती कायम राहते. गुलाबी पडलेल्या फिल्मची पानं चार रंगांतच हवीत, तेव्हा ती सगळी दोन-तीन फर्म्यांत एकत्र आणा, बाकीचे फर्मे दोन शाईंत काढा.

प्रूफ, म्हणजे छपाईआधीचा नमुना, त्याच कागदावर मागा. छपाईच्या दिवशी दोघींनी मशीनवर जा आणि सगळ्यांत अंधारं पान असलेला फर्मा आधी लावायला सांगा. पिवळ्या बल्बखाली रंग पास करू नका. गडद पानं बोटांनी आणि एकमेकांवर घासून डागाळतात, त्यावर मॅट वॉर्निश घ्या. पावसाळ्यात शाई उशिरा सुकते. फर्मे किमान ४८ तास तसेच राहू द्या, बाइंडरची घाई ऐकू नका.

अक्षरं

मजकूर युनिकोडमध्ये जुळवा आणि पीडीएफमध्ये फाँट एम्बेड करा. तरीही प्रेसच्या संगणकावर उघडून ‘दुसऱ्या’, ‘प्रोजेक्टर’, ‘र्‍हास’, ‘अॅ’ हे बघा. मोडतं ते इथेच. फोटोखालचा मजकूर ९ पॉइंट, ओळींमधलं अंतर १३, कारण आपल्या मात्रा-उकारांना वर-खाली जागा लागते. काळ्या पानावर पांढरी अक्षरं टाकायची असतील तर १० पॉइंट ठळक, नाहीतर शिरोरेषा शाईत भरून जाते. मजकूर फक्त काळ्या शाईत. चार रंगांत गेला की अक्षरांना रंगीत कडा दिसतात.

बाइंडिंग

फर्म्यांची दोऱ्याची शिलाईच घ्या. आर्ट पेपरला साध्या गरम गोंदाचं परफेक्ट बाइंडिंग टिकत नाही. कोटिंगवर गोंद नीट धरत नाही, त्यात विदर्भ-मराठवाड्यातला उन्हाळा, आणि आडव्या पानाचं वजन कण्यापासून लांब पडतं. दोन वर्षांत पानं सुटतात. शिलाईचा खर्च जड जात असेल तर ८ पानं कमी करा, शिलाई सोडू नका.

नावं, पैसे, कागदपत्रं

१८४३ साली इंग्लंडमध्ये अ‍ॅना अ‍ॅटकिन्सने निळ्या छपाईच्या छायाचित्रांचं पुस्तक स्वतःच काढायला सुरुवात केली, छायाचित्रांचं पहिलं पुस्तक म्हणून ते ओळखलं जातं. त्यावर तिने फक्त ‘ए. ए.’ लिहिलं, आणि पुढे त्याचा अर्थ ‘अ‍ॅनॉनिमस अ‍ॅमॅचर’ म्हणजे ‘अनामिक हौशी’ असा लावला गेला. मुंबईत छायाचित्रकार होमाई व्यारावाला यांचे सुरुवातीचे फोटो नवऱ्याच्या नावाने छापले गेले. म्हणून तुमच्या पुस्तकाच्या मागच्या पानावर प्रत्येकीचं पूर्ण नाव आणि तिने केलेलं काम लिहा: स्कॅनिंग, मुलाखती, क्रम, मजकूर, हिशेब. ‘मदत’ हा शब्द वापरू नका. प्रेसच्या जॉबशीटवर (कामाच्या नोंदपत्रावर) गटातल्या एकीचंच नाव आणि सही हवी, म्हणजे रंगाबद्दल, तारखेबद्दल फोन तिलाच येतो.

पैसे प्रकाशनपूर्व नोंदणीतून उभे करा. किंमत ठरवताना छपाई-बाइंडिंगसोबत स्कॅनिंग, पोस्टाचा खर्च आणि ३० ते ४० भेटप्रती धरा; यांचा हिशेब विसरला की तोटा तिथूनच होतो. भेटप्रतींची यादी आधी लिहा: घरचे, मदतनीस, मुलाखत दिलेल्या सगळ्या बायका, गावचं वाचनालय.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, राजा राममोहन राय राष्ट्रीय एजन्सीकडून विनामूल्य मिळतो, व्यक्तीच्या नावानेही. तो छपाईआधी लागतो, त्यामुळे अर्ज क्रम लावायला बसाल तेव्हाच करा. पुठ्ठा आणि साधी अशा दोन आवृत्त्या असतील तर क्रमांक दोन. १९५४ च्या कायद्यानुसार पुस्तक निघाल्यापासून ३० दिवसांत एकेक प्रत कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, मुंबईचं एशियाटिक सोसायटीतलं मध्यवर्ती ग्रंथालय, चेन्नईचं कोन्नेमारा ग्रंथालय आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी यांना प्रकाशकाने स्वखर्चाने पाठवायची असते.

स्कॅनच्या मूळ टिफ फाइली आणि मुलाखतींचे आवाज दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर, दोघींच्या घरी ठेवा, आणि तिसरी प्रत त्याच्या घरच्यांना द्या. फिल्मचे तुकडे त्यांच्याकडेच परत जाऊ देत, मात्र कागदी पाकिटात, प्रत्येकावर पेन्सिलीने पुस्तकातला पान क्रमांक लिहून. उरलेल्या प्रती जमिनीवर ठेवू नका, भिंतीपासून चार बोटं लांब, आडव्या रचा, दहापेक्षा जास्त एकावर एक नको.